काळ्याची खोली

हाताने प्रिंट करणाऱ्या कुणालाही विचारा, काम सगळ्यात देखणे कधी दिसते? तो ट्रेकडे बोट दाखवील. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात पडलेल्या प्रिंटमधला काळा असा काही खोल असतो की सावलीतली पायरी, दगडाची फट, काळ्या कोटाची शिवण, सगळे वेगवेगळे ओळखता येते. तोच कागद वाळला की काळा राखाडीकडे झुकतो आणि शिवण कोटात बुडून जाते. मिठाच्या कागदावरचा प्रिंट असो, प्लॅटिनमचा असो की सायनोटाइप, दुखणे तेच. रसायन बदललेले नसते, चांदीचा किंवा प्लॅटिनमचा एक कणही कमी झालेला नसतो. गेलेले असते ते फक्त पाणी.

अंड्याचा पांढरा बलक, तापलेली पोलादी पट्टी, काच, व्हार्निश, मेण. छायाचित्राला तकाकी आणण्याचे जेवढे उपाय गेल्या पावणेदोनशे वर्षांत निघाले, ते माझ्या मते या उडून गेलेल्या पाण्याचाच पाठलाग आहेत. बघणाऱ्याला तकाकी ही शोभेची गोष्ट वाटते. प्रिंट करणाऱ्याला ती हवी असते काळ्यासाठी.

कारण भौतिकशास्त्रातले आहे. काचेवर किंवा जिलेटिनवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के प्रकाश आत न शिरता वरच्यावरच परततो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हे 4 टक्के एकाच दिशेला जातात. मान जरा कलती केली की ते डोळ्यांना चुकतात आणि उरतो तो निखळ काळा. पृष्ठभाग खरबरीत असेल तर ते चहूकडे विखुरतात. मग मान कुठेही वळवा, काळ्यावर त्या 4 टक्क्यांची पांढुरकी साय राहतेच. छायाचित्रकार काळेपणा ज्या लॉगरिदमच्या मापाने, म्हणजे 'डेन्सिटी'ने मोजतात, त्यात 4 टक्के परावर्तन म्हणजे 1.4. हाताने लेप दिलेल्या मॅट प्रिंटांचा काळा बहुधा याच आकड्याच्या आसपास अडकतो. चकचकीत ब्रोमाइड प्रिंट 2 च्या पुढे जातो, म्हणजे परावर्तन 1 टक्क्याहून कमी. हिशेब ढोबळ आहे, पण एवढ्यावरून भांडण कुठे आहे ते कळते. ते भांडण रसायनाशी नसून कागदाच्या कातडीशी आहे.

आता ओल्या प्रिंटचे. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, कागदातल्या सेल्युलोजचा साधारण 1.5. तंतूंमधल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरले की हा फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि नजर आत उतरते. मेणाचा अपवर्तनांक 1.44 च्या आसपास आणि राळेच्या व्हार्निशचा 1.5 च्या जवळ आहे. पाण्याने जे घटकाभर केले ते ही मंडळी टिकाऊपणे करतात, शिवाय पाण्याहून थोडे जास्त करतात.

हा हिशेब कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी कागद करणाऱ्यांच्या हाताला त्यातले निम्मे कळलेले होते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद बनत असे. मराठेशाहीच्या दफ्तरांत हे कागद भरपूर सापडतात. चांगल्या कागदाला खळ लावायची, तो वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, ही त्याची रीत. जुनी पोथी उजेडात तिरकी धरली तर घोटाईची ती मंद झळक अजूनही दिसते. इराण आणि तुर्कस्तानातले सुलेखनकार 'आहार' नावाचा लेप वापरत. तो कधी खळीचा असे, तर कधी तुरटी घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा, आणि वरून अकीकाची घोटाई. शाई तंतूंत फुटू नये, लेखणी अडखळू नये आणि चुकलेले अक्षर ओल्या बोटाने पुसता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. युरोपातले पुस्तकांचे बांधणीकारही सोनेरी वर्ख चिकटवायला अंड्याचा बलक वापरत. यातून छायाचित्रणाकडे सरळ वाट जात नाही आणि ओढूनताणून ती काढायचे कारणही नाही. पण प्रश्न एकच होता. जे उमटवायचे ते कागदात मुरू न देता कागदावर कसे ठेवायचे?

हेन्री फॉक्स टॅलबॉटच्या कागदी चित्रांत तेच जमत नव्हते. 31 जानेवारी 1839 रोजी त्याने आपल्या पद्धतीचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. उत्तम प्रतीचा लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळल्यावर त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचे आणि उन्हात ठेवायचा. चांदी तयार होते ती कागदाच्या तंतूंच्या आत. त्यामुळे चित्राला स्वतःचा पृष्ठभाग नसतो, कागदाचा जो पोत तोच चित्राचा. 1843 ते 1847 या काळात एडिंबऱ्यात डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन यांनी याच कागदावर कोळी बायकांची आणि धर्मोपदेशकांची जी व्यक्तिचित्रे केली, त्यांत हा मऊपणा गुण ठरला. पण त्याच सुमारास डॅगेरोटाइपची आरशासारखी लखलखीत चांदीची पत्री बाजारात होती. तिच्याशेजारी कागदावरचे चित्र धुक्यातले वाटे.

मेण मात्र छायाचित्रकाराच्या खोलीत पहिल्यापासून होते, फक्त वेगळ्या कामावर. कागदी निगेटिव्हमधून उजेड नीट आरपार जावा म्हणून टॅलबॉट ती मेणात भिजवी. पुढे 1851 मध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने कागद आधी मेणवून मग त्यावर लेप द्यायची रीत प्रसिद्ध केली. निगेटिव्ह पारदर्शक करणारी गोष्ट प्रिंटवर चोळली तर काळा खोल जातो, हे ज्याच्या लक्षात पहिल्यांदा आले त्याला ते बहुधा हात पुसताना कळले असावे. हा माझा तर्क.

नाव नोंदले गेले ते अंड्याच्या बलकाचे. लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार हा लिल शहरातला कापडाचा व्यापारी. 27 मे 1850 रोजी त्याची पद्धत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आली. अंड्याचा पांढरा बलक मीठ घालून फेसायचा, तो निवळू द्यायचा, गाळायचा आणि त्यावर कागद तरंगवायचा. वाळलेला कागद मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा. सिल्व्हर नायट्रेट दोन कामे एकदम करते. मिठाशी संयोग होऊन प्रकाशाला जागणारे सिल्व्हर क्लोराइड होते आणि त्याच वेळी बलक गोठून पक्का होतो, पाण्यात विरघळत नाही. चित्र आता तंतूंच्या वर, पातळ पारदर्शक थरात बसले. पाणी उडाले तरी थर जागेवर राहतो. ओलेपणाची पहिली टिकाऊ नक्कल ही अशी झाली.

गंमत अशी की हा शोध लावणाऱ्याने स्वतः तकाकीचा धंदा केला नाही. 1851 ते 1855 या काळात लिलजवळच्या लूस इथे त्याने छायाचित्रे छापण्याचा कारखाना चालवला. तिथे छापलेला सर्वांत नावाजलेला ग्रंथ म्हणजे माक्सिम द्यु कां याची इजिप्त, नुबिया, पॅलेस्टाइन आणि सीरियाची 125 छायाचित्रे, साल 1852. ती मिठाच्या कागदावरच आहेत, करड्या मंद रंगात. लवकर आणि खात्रीने काम व्हावे म्हणून तो प्रिंट नुसत्या उन्हावर न सोडता रसायनाने उमटवून घेई, आणि पृष्ठभाग मॅटच ठेवी. पहिली काही वर्षे इतरांचाही कल तसाच होता. बलकात पाणी घालून तो पातळ करत. फार चकाकणारे चित्र हलके, दुकानदारी वळणाचे वाटे. कला म्हटली की रेखाटन, रेखाटन म्हटले की खरखरीत कागद, असा तेव्हाच्या रसिकांचा हिशेब होता.

तो मोडला कार्त द व्हिझितने. पॅरिसच्या दिस्देरीने 1854 मध्ये पेटंट घेतलेले हे भेटकार्डाएवढे छायाचित्र 1860 च्या सुमारास जगभर पसरले. इतक्या लहान जागेत चेहरा, जरीचा काठ, घड्याळाची साखळी हे सगळे दिसायचे तर मऊ कागद उपयोगाचा नव्हता. बलकाचे पाणी कमी झाले. थर दाट झाला, पुढे एकाचे दोन झाले. तकाकी ही गिऱ्हाइकाची मागणी बनली आणि मागणी म्हटल्यावर कारखाने आलेच. या धंद्याची राजधानी ड्रेस्डेन. तिथल्या एका मोठ्या कंपनीने 1888 मध्ये 18,674 रीम बलकाचा कागद काढला. एका रीमला 9 लिटर द्रावण आणि त्यासाठी 27 डझन अंडी. म्हणजे एका कारखान्याला एका वर्षात साठ लाखांवर अंडी लागली. अंडी फोडायला आणि कागद तरंगवायला बायका असत. पिवळा बलक कातडी कमावणाऱ्यांकडे जाई. पांढरा बलक काही दिवस आंबवला तर थर जास्त चकाकतो हेही ड्रेस्डेनला ठाऊक होते. त्या इमारतींतल्या वासाची कल्पनाच केलेली बरी.

तेवढ्यानेही भागेना. बलकाच्या प्रिंटची वाळताना सुरळी होते, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवत आणि मग पोलादी रुळातून दाबून काढत. 1870 च्या दशकात तापवलेल्या पट्टीचे घोटयंत्र आले. मागे गरम, घासूनपुसून लख्ख केलेली पोलादी पट्टी, पुढे रूळ, आणि मधून पुठ्ठ्यावरचा प्रिंट ओढला जाई. पट्टीवर कागद अडकून ओरखडा पडू नये म्हणून आधी प्रिंटवर कॅस्टाइल साबणाचे अल्कोहोलमधले द्रावण चोळायचे. अकीकाने पोथीचा कागद घोटणारा कारागीर या यंत्राशेजारी उभा राहिला असता तर त्याला समजावून सांगायची गरज पडली नसती. फरक एवढाच की तो लिहिण्याआधी घोटे, हे छापून झाल्यावर घोटत. हवी तेवढी चकाकी आणूनही समाधान होत नसे तेव्हा काचेवर कोलोडियन आणि जिलेटिनचा थर देऊन त्यावर प्रिंट पालथा चिकटवत आणि वाळल्यावर सोलून काढत. काचेचा गुळगुळीतपणा प्रिंटने उचललेला असे.

याच काळात पॅरिसचा आंत्वान-सामुएल आदाम-सालोमों वेगळ्या वाटेने गेला. पेशाने शिल्पकार, मग छायाचित्रकार. प्रिंटवर चोळायच्या त्याच्या मेणाच्या लेपाची कृती तेव्हाच्या हस्तपुस्तकांत फिरत होती. शुद्ध मेण, एलेमी नावाची राळ, बेंझोल आणि लव्हेंडरचे तेल. लेप फ्लॅनेलच्या तुकड्याने लावायचा आणि हलक्या हाताने घासायचा. यंत्राची चकाकी चित्रभर सारखी पसरते. या लेपाने सावल्या उघडत आणि बाकीचा कागद कागदच राही. आज जे लोक हे काम करतात त्यांचा खरा पूर्वज मला हा वाटतो, ड्रेस्डेन नव्हे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली आणि 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीतल्या पहिल्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होते. 1863 आणि 1866 मध्ये दोन खंडांत निघालेले विल्यम जॉन्सनचे मुंबईतल्या जातीजमातींचे पुस्तक बलकाच्या प्रिंटांचेच आहे. ते दशकच त्या कागदाचे होते. इथल्या हवेने त्याचा समाचार घेतला तो वेगळाच. उष्मा आणि दमट हवा यांत बलक लवकर पिवळा पडतो, आणि कोरड्या-ओल्या ऋतूंच्या फेऱ्यांत थराला केसासारखे बारीक तडे जातात. जुन्या घरांतल्या फोटोंचा तो बदामी रंग पुष्कळदा मूळचा नाही, वयाने आलेला आहे. जाता जाता एक गोष्ट मनात येते. ज्या सोवळ्याच्या घरांत अंडे उंबऱ्याच्या आत येत नसे, त्यांच्या दिवाणखान्यात पणजोबा अंड्याच्या पांढऱ्या बलकातच बसून होते, आणि पुढच्या पिढीचे आजोबा जनावरांच्या हाडा-कातड्याच्या जिलेटिनमध्ये. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही.

स्टुडिओतल्या चित्रकारांची अडचण उलटी. फोटोवर रंग भरायचे तर जलरंग त्या तुळतुळीत थरावर ठरत नसत. बैलाच्या पित्ताचे पाणी फिरवून चकाकी आधी मोडावी लागे, रंग झाल्यावर पुन्हा व्हार्निश देऊन आणावी लागे. तकाकीचा सोस त्या काळाच्या नजरेतच होता. 1894 मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यातली ओलिओग्राफ काय किंवा जर्मनीतून येणारी काय, कागदावरच्या शिळाछापाला व्हार्निशने तैलचित्राचा तोरा द्यायचा, हेच त्यांचे इंगित.

बंड झाले ते या सगळ्याविरुद्ध. विल्यम विलिस याने 1873 मध्ये प्लॅटिनमच्या प्रिंटचे पेटंट घेतले आणि 1879 मध्ये प्लॅटिनोटाइप कंपनी काढली. इथे ना बलक ना जिलेटिन. प्लॅटिनमचा सूक्ष्म काळा चुरा थेट कागदाच्या तंतूंत. पिवळे पडायचे काम नाही, उडायचे काम नाही, आणि चकाकी शून्य. पीटर हेन्री इमर्सन याने 1886 च्या नॉरफोक ब्रॉड्सच्या ग्रंथात 40 प्लॅटिनम प्रिंट लावले आणि 1889 च्या 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी'त त्या मॅट सौंदर्याची बाजू जोरात मांडली. फ्रेडरिक एव्हान्सने इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांच्या जिन्यांवरचा उजेड प्लॅटिनममध्येच पकडला. पॅरिसमध्ये रोबेर दमाशी डिंकाच्या प्रिंटांवर ब्रश चालवत होता. या पिढीसाठी तकाकी म्हणजे बाजार आणि मॅट म्हणजे कला. चाळीस वर्षांपूर्वीचाच तो हिशेब, फक्त या वेळी मागे एक तत्त्वज्ञान उभे होते.

बंडखोरांनाही काळ्याचा मोह सुटला नाही, हे मला या कथेतले सर्वांत बोलके वाटते. खुद्द प्लॅटिनोटाइप कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी 'जापीन' नावाचा प्लॅटिनम कागद आणला. त्याचा पृष्ठभाग चर्मपत्रासारखा, मंद झळकणारा. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झने आपल्या काही पॅलेडियम प्रिंटांवर मेण चढवले. तिकडे एडवर्ड कर्टिसने तर उजेड मागून आणला. काचेवर चित्र छापून काचेच्या पाठीला सोनेरी ब्राँझची पूड लावायची. सावल्या काळ्या आणि उजळ भाग धातूने लखलखलेले. मला ते नेहमीच जरा मिठाईच्या डब्यासारखे वाटत आले आहे, पण सिएटलच्या दुकानात ते खपत होते. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दारूगोळ्याच्या कामी लागले, भाव कडाडले, एव्हान्सने काम थांबवले आणि बाकीचे पॅलेडियमकडे किंवा चांदीकडे वळले.

मग पारडे फिरले, आणि ते फिरवणाऱ्यांत एक माणूस असा होता ज्याचे स्वतःचे पारडे कधीच एका बाजूला बसले नाही. 1930 मध्ये छायाचित्रकार अँसेल ॲडम्सचा 'ताओस पुएब्लो' हा ग्रंथ निघाला. मेरी ऑस्टिनचा मजकूर, 12 मूळ छायाचित्रे, 108 प्रती. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम डॅसनव्हिलने खास कागदावर चांदीचा लेप देऊन दिला होता, मॅट आणि उबदार. त्याच वर्षी ताओसला ॲडम्सची पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराशी गाठ पडली. स्ट्रँडजवळ प्रिंट नव्हते. त्याने खिडकीपाशी फक्त निगेटिव्ह दाखवली. ती पाहून ॲडम्सने मॅट कागद सोडला. दोन वर्षांनी, 15 नोव्हेंबर 1932 ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात ग्रुप एफ/64 या छायाचित्रकारांच्या गटाचे प्रदर्शन लागले. त्यात ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि मंडळींनी तकतकीत कागदावरचे काटेकोर प्रिंट मांडले. आता मॅट म्हणजे ढोंग आणि तकाकी म्हणजे सचोटी! वेस्टन स्वतः काही वर्षांपूर्वीपर्यंत प्लॅटिनम-पॅलेडियममध्ये काम करत होता.

स्ट्रँडने ज्याला मॅट सोडायला लावले तो सोडून मोकळा झाला. स्ट्रँड मात्र मधल्याच वाटेवर राहिला. त्याला प्लॅटिनमची राखाडी छटांची लांबच लांब शिडी हवी होती आणि काळाही खोल हवा होता. दोन्ही एका कागदात मिळत नाहीत. म्हणून तो प्रिंटवर व्हार्निश आणि मेण चढवून पाहत राहिला. 1940 मध्ये त्याचे मेक्सिकोच्या छायाचित्रांचे संपुट निघाले. ते 20 फोटोग्रॅव्हर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून शाईने काढलेले ठसे. फोटोग्रॅव्हरचा नावलौकिकच मुळी मखमली मॅट काळ्याचा. स्ट्रँडने त्यावर हाताने लाखेसारखा चकचकीत थर चढवून घेतला. ते ठसे हातात घेऊन तिरके धरले तर त्यातला काळा ओला दिसतो. त्यावर नाक मुरडणारे जाणकार आहेत. मला तो हट्ट पटतो. पाण्याबाहेर काढलेला प्रिंट मरू द्यायचा नाही, एवढेच तो म्हणत होता आणि त्यासाठी कुठल्याच पंथाची पर्वा करत नव्हता.

चांदीच्या जिलेटिन कागदाने सगळ्या सामान्य कामांसाठी हा प्रश्न मिटवला. कागद आणि जिलेटिन यांच्यामध्ये बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर, म्हणजे बॅरायटा. त्याने तंतू झाकले आणि वरचे जिलेटिन आपोआप सपाट बसले. आणखी चमक हवी तर ग्लेझिंग. यासाठीच्या काळ्या रोगण लावलेल्या लोखंडी पत्र्या मुळात वेगळ्याच धंद्यातल्या, म्हणजे जत्रांत मिळणाऱ्या टिनटाइप फोटोंसाठीच्या. तो धंदा बसला आणि पत्र्या इकडे कामाला लागल्या. ओला प्रिंट पालथा घालायचा, रबरी रूळ फिरवून पाणी आणि हवा हाकलायची आणि वाळू द्यायचे. पुढे क्रोमच्या पत्र्या आल्या, विजेवर तापणारी यंत्रे आली. आपल्याकडच्या लहान स्टुडिओंतून काच आणि ऊन यांवरही काम भागत असे. उटकमंडच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद असो की परदेशी, पासपोर्टचे फोटो पत्रीवरून टणाटण सुटून पडले की काम झाले. हवेचा बुडबुडा राहिला की तेवढ्याच जागी मॅट ठिपका, आणि पावसाळ्यात जिलेटिन मऊ पडून प्रिंट पत्रीलाच चिकटून बसायचा. वृत्तपत्रांना छपाईचे ब्लॉक करण्यासाठी ग्लॉसीच प्रिंट लागत, त्यामुळे पत्रकारितेने ही सवय पक्की केली. 1970 च्या दशकात प्लास्टिकचा थर दिलेला कागद आला. तो वाळला की आपोआपच चकाके, आणि ग्लेझिंगची यंत्रे अडगळीत गेली. ॲडम्ससारखे लोक मात्र ग्लॉसी कागद घेऊनही तो पत्रीवर न चढवता हवेवर वाळवत. त्यांना काळा हवा होता, आरसा नको होता.

आणि ज्यांना कारखान्याचा कागदच नको होता, ते पुन्हा प्लॅटिनमपाशी आले. 1960 च्या दशकात अर्व्हिंग पेनने ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कागद चिकटवून त्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचे लेप एकावर एक दिले. प्रत्येक लेपानंतर निगेटिव्ह बिनचूक जुळवून पुन्हा प्रकाश. तकाकीशिवाय काळा खोल करायचा हा सर्वांत कष्टाचा मार्ग. पुरेसे लेप दिले तर धातू जेवढा काळा होऊ शकतो तेवढा होतो. पण पृष्ठभाग जे वरच्यावर परतवतो त्याला लेप काही करू शकत नाहीत. म्हणून आज सायनोटाइप, व्हॅन डाइक, मिठाचा कागद किंवा प्लॅटिनम हाताने करणाऱ्यांच्या टेबलावर शेवटी एक डबी असतेच. मॅटसाठी ज्यांनी बंड केले त्यांचे वारस तकाकी परत घरी आणत आहेत. फक्त चमचाभर.

डबी बहुधा मेणाची. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात संग्रहातल्या वस्तू जपण्यासाठी तयार झालेले रेनेसान्स वॅक्स पुष्कळांना आवडते. खनिज तेलातले सूक्ष्मस्फटिकी मेण, व्हाइट स्पिरिटमध्ये कालवलेले. मधमाशीच्या मेणासारखे ते आम्लधर्मी नाही आणि बोटांचे डाग धरत नाही. प्रिंट किंचित कोमट करायचा, मऊ कापडाने अगदी पातळ थर, थोडा वेळ थांबायचे आणि मग घासायचे. जाड थर दिला तर मेण तंतूंच्या टोकांवर पांढरे गोठते आणि ज्या काळ्यासाठी हे सगळे केले त्यावरच धुके बसते. डिंकाचे पातळ पाणी सोपे आणि स्वस्त, पण घामट बोट लागले की उचकटते. जिलेटिनचा थर सर्वांत सुंदर दिसतो, फक्त तो घट्ट करायला फॉर्मलिन किंवा ग्लायऑक्झल लागते आणि ओला असताना त्यावर बसलेला प्रत्येक केस कायमचा मुक्कामाला येतो. अ‍ॅक्रिलिकचा फवारा झटपट होतो. मला तो आवडत नाही. हातकागदावर प्लास्टिक चढवायचे होते तर हातकागद घेतला कशाला? दमरसारखी नैसर्गिक राळ सुंदर दिसते आणि काही दशकांत पिवळी पडते. सायनोटाइपच्या बाबतीत आणखी एक पथ्य. त्याचा निळा क्षाराने फिकटतो, म्हणून घोटयंत्रवाल्यांचा साबण तिथे मुळीच चालणार नाही. काहीजण लेपच टाळतात आणि गांपीसारखा जपानी कागद घेतात, ज्याच्या तंतूंना मूळचीच रेशमी झळक असते.

पुढची अडचण जपणुकीची. दुरुस्तीला आलेल्या प्रिंटवर नेमके काय आहे हे नुसते पाहून सांगणे कठीण. मेण द्रावकाने हलते, डिंक पाण्याने, जुने व्हार्निश कधी कशानेच नाही. संग्रहालये म्हणून तंत्राच्या नोंदीतच 'मेणवलेला' किंवा 'व्हार्निश केलेला' असे लिहू लागली आहेत. मेण लावणाऱ्याने तेवढे काम आपणच केले तर बरे. घासून झाल्यावर, कागदाच्या पाठीवर, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने, कशाचा लेप दिला आणि कधी दिला ते लिहायचे. जोर देऊन लिहिले तर पुढच्या बाजूला उमटते, आणि मेणावर उमटलेला ओरखडा घासून जात नाही.